दरसूचीत नसलेली गुहा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना मोर्शीहून खुलं पत्र

महोदय,

मोर्शीहून उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर सालबर्डी आहे. अर्धं गाव महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशात. महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते आणि वऱ्हाडातली हजारो माणसं डोंगर चढून भुयारातल्या महादेवाच्या दर्शनाला जातात. आत शिरताना कमरेत वाकावं लागतं. बाहेरचं ऊन एका पावलात मागं राहतं आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत कुणी बोलत नाही. लहानपणी आजीचा पदर धरून मी तिथं गेलो होतो. नुसती जागाच माणसाला गप्प करू शकते, हे मला तेव्हा कळलं. पुढं चाळीसेक वर्षांनी अहमदाबादला एका कलादालनाच्या पायऱ्या उतरताना तीच शांतता पुन्हा अंगावर आली. ते दालन पुण्यात जन्मलेल्या एका वास्तुकारानं पंढरपुरात जन्मलेल्या एका चित्रकारासाठी बांधलेलं होतं. हे पत्र त्या दालनाविषयी आहे आणि आमच्या तालुक्याविषयीही.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना एलिमेंटरीला बसवलं, इंटरमिजिएटला बसवलं. त्यातली काही पुढं नागपूर-मुंबईच्या कला महाविद्यालयांत गेली. माझी मागणी आधी सांगून टाकतो, म्हणजे आपला वेळ जायला नको. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी शासनानं एक कलागृह बांधावं. ते ज्या पद्धतीनं आपल्याकडे सभागृहं बांधली जातात त्या पद्धतीनं बांधू नये. पहिलं वाक्य मान्य करणारे पुष्कळ भेटतील. पत्र लिहितोय ते दुसऱ्या वाक्यासाठी.

मोर्शीच का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या उत्तरेच्या डोंगरांत, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत धारूळच्या आसपास, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं असलेले शैलाश्रय आहेत. २००७ साली अमरावती-मोर्शीकडच्या निसर्गप्रेमींच्या एका गटाला रानात भटकताना ती चित्रं दिसली. गेरूच्या तांबड्या रंगात आणि पांढऱ्यात काढलेले प्राणी, माणसं, आकृत्या. पुढं शोध घेता घेता अशा शैलाश्रयांची संख्या शंभरावर गेली. म्हणजे या पट्ट्यात चित्र काढायची सवय संत्र्याच्या बागांच्या कितीतरी आधीची आहे. आणि नव्या चित्रकलेचं म्हणाल, तर १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याच्या सहा संस्थापकांपैकी एक हरी अंबादास गाडे आमच्याच जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्या पंगतीत बसलेला हा वऱ्हाडी माणूस. रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, चित्रकार गायतोंडे नागपुरात जन्मले. एवढं सगळं असून माझ्या विद्यार्थ्यांना गाडेंचं एकही मूळ चित्र मी जिल्ह्यात दाखवू शकलो नाही. पुस्तकातला पोस्टकार्डाएवढा छापील चौकोन दाखवायचो आणि रंगाचा थर कसा असेल ते हातवारे करून सांगायचो.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या एका गावी नव्या कोऱ्या कला-सभागृहात पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन लावायचं ठरलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अशी गावं खूप आहेत. भिंतींना गुळगुळीत ऑइल पेंट. त्यावर ट्यूबलाइटचा उजेड असा चमकायचा की चित्राकडे बघताना आपलाच चेहरा दिसावा. पश्चिमेला मोठाल्या खिडक्या, त्यातून तीननंतर ऊन थेट कागदावर. खिडक्या लावाव्या तर उकाडा, पंखे लावावे तर चित्रं फडफडतात. एका मुलीनं जलरंगात दमयंती नदी काढली होती. संध्याकाळपर्यंत कागद वाकून कोपऱ्यातून सुटला. दोन वर्षांनी गेलो तेव्हा त्या सभागृहाला कुलूप होतं आणि आत टेबलं-खुर्च्या रचलेल्या होत्या. कुणी पैसे खाल्ले, असं मी म्हणत नाही. काम इस्टिमेटप्रमाणेच झालं असावं. पण या घरात चित्र राहणार आहे, हा विचार पहिल्या रेघेपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत कुणाच्याच डोक्यात नव्हता.

हा विचार एका माणसाच्या डोक्यातून निघून सिमेंटपर्यंत कसा पोचतो, ते मला अहमदाबादच्या त्या गुहेसारख्या दालनात समजलं.

बाळकृष्ण दोशींचा जन्म पुण्यात १९२७ साली झाला. घरचा धंदा लाकडी फर्निचरचा, त्यामुळं रंधा आणि सांधा त्यांनी लहानपणीच पाहिलेला. मुंबईच्या जे. जे.त वास्तुकला शिकले, मग पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलं, आणि त्यांच्याच कामांच्या देखरेखीसाठी अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. २०१८ साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. लहानपणीच आई गेली, इंदूरला वाढले, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवली. या दोघांची जुनी मैत्री. हुसेन यांना आपल्या चित्रांसाठी अहमदाबादेत एक कायमची जागा हवी होती. नव्वदीच्या सुरुवातीला काम सुरू झालं तेव्हा दोशींनी साठी ओलांडली होती आणि हुसेन यांनी सत्तरी. या वयात दोघांनी मुलांसारखा खेळ मांडला.

दोशींच्या मनात काय काय होतं बघा. अहमदाबादचं ऊन, म्हणून जमिनीत उतरायचं. अजिंठा-वेरूळ, म्हणून गुहा. कासवाची पाठ आणि साबणाचे फुगे, म्हणून एकमेकांना चिकटलेले घुमट. कूर्मावतार स्वप्नात आला, असं ते सांगत. गिरनारच्या जैन मंदिरांच्या माथ्यावर चिनी मातीच्या तुकड्यांचं जडणकाम असतं, तेही त्यांच्या डोळ्यांत होतं; शिवाय १९८० साली बांधलेल्या स्वतःच्या ‘संगत’ या कार्यालयाच्या कमानदार छतांवर त्यांनी ते वापरून पाहिलेलं होतं. या सगळ्या कल्पना वहीत राहिल्या असत्या तर सुंदर निबंध झाला असता. त्यांना वजन पेलायचं होतं, पाऊस अडवायचा होता, आणि आत हुसेनला जागा करून द्यायची होती.

इथं एक गोष्ट समजून घ्या. मोर्शीत ती समजावणं सोपं आहे. संत्र्याच्या सालीची अर्धी वाटी उपडी ठेवा आणि तळहातानं हलकेच दाबा. साल मऊ, पातळ, तरी वाटी तोलून धरते. तीच साल सपाट करून दोन पेल्यांवर आडवी ठेवली तर मधोमध वाकते. ताकद सालीत कमी आणि बाकात जास्त. दोशींच्या गुहेचं कवच असंच आहे: सळया, तारेची जाळी आणि त्यावर हातानं थापलेला सिमेंट-वाळूचा माल, सगळं मिळून जेमतेम एक इंच जाड. त्याला फेरोसिमेंट म्हणतात. नेहमीसारखा खोल पाया नाही, सेंट्रिंग नाही. हे वेडेवाकडे आकार उभे राहतील का, याचं गणित त्या काळी संगणकावर सोडवलं, आणि उभारणी केली ती आदिवासी मजुरांनी, हातातल्या साध्या हत्यारांनी. माथ्यावर जडवले फुटक्या कपबशांचे आणि टाकाऊ फरशांचे तुकडे, ऊन परतवायला. मग हुसेन यांनी त्या पांढऱ्या घुमटांवर एक लांबलचक काळा नाग काढला.

आत गेलं की सरळ भिंत कुठंच नाही. खांब झाडाच्या बुंध्यासारखे तिरपे, कुठं जाड कुठं बारीक. जमीनसुद्धा उंचसखल. चौकट टांगायला खिळा ठोकावा अशी जागाच नाही. चित्रकाराला एरवी हा अपमान वाटला असता. हुसेन यांनी ब्रश उचलला आणि भिंतीवर, छतावर, दारांवर सरळ रंगवलं; धातूच्या पत्र्यातून माणसांच्या आकृत्या कापून खांबांना टेकवून ठेवल्या. घुमटांना वर नळकांड्यांसारखी तोंडं काढली आहेत, त्यातून उन्हाचे गोल ठिपके खाली पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. मी तिथं दोन तास बसलो होतो. एक ठिपका एका आकृतीच्या पावलापासून गुडघ्यापर्यंत चढला. चित्र तेच, पण अकराचं वेगळं आणि एकचं वेगळं. चित्र कुठं संपतं आणि इमारत कुठं सुरू होते, ते मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ‘हुसेन-दोशी नी गुफा’ असं तिचं पहिलं नाव होतं, आज तिला ‘अमदावाद नी गुफा’ म्हणतात.

महोदय, त्या दिवशी मला आमच्या डोंगरातले शैलाश्रय आठवले. तिथंही भिंत आधी होती, ओबडधोबड, पुढं झुकलेली. चित्र काढणाऱ्यानं तिच्या फुगवट्याशी जुळवून घेतलं. दोशींनी ती ओबडधोबड भिंत मुद्दाम निर्माण केली आणि पंढरपूरच्या चित्रकाराला म्हटलं, घे, आता काढ.

त्याच हुसेन यांना म्हातारपणी देश सोडावा लागला. २०११ साली लंडनमध्ये ते गेले. त्यांनी स्वतः कागदावर काढून ठेवलेल्या एका आराखड्यावरून त्यांचं संग्रहालय आता दोहा शहरात उभं राहिलंय, २०२५ साली ते उघडलं. चित्रकाराच्या वहीतल्या रेघांना दोह्यात घर मिळालं, आणि ज्या पंढरपुरात तो जन्मला ते आपल्या राज्यात आहे. मला याचं दुःख होतं आणि ते आपल्यासमोर मांडताना मला संकोच वाटत नाही.

आता दुसरं घर, आमच्या जास्त जवळचं. वरूड-मुलताई-बैतूलमार्गे आम्ही भोपाळला जातो. एकदा विद्यार्थ्यांची सहल घेऊन भारत भवन या कलाकेंद्रात गेलो. पोरं फाटकातून आत आली आणि विचारू लागली, “सर, इमारत कुठं हाये?” खरंच दिसत नाही. रस्त्यावरून दिसतात फक्त बगिचे आणि गच्च्या, मोठ्या तलावाकडे पायरीपायरीनं उतरत जाणाऱ्या. दालनं त्या गच्च्यांच्या पोटात, खोलगट अंगणांच्या भोवती. मुंबईचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची ही कल्पना. उष्ण मुलखात माणूस सकाळी गच्चीवर असतो, दुपारी सावलीत आणि संध्याकाळी अंगणात. तेव्हा इमारतीनंही तसंच असावं. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आमच्या वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरात उन्हाळी रात्री वर झोपणाऱ्या माणसाला यातलं काहीही परकं नाही.

पण भारत भवनात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची जबाबदारी जगदीश स्वामीनाथन या चित्रकाराकडे होती. त्यांनी तरुण कलावंतांच्या तुकड्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. त्यातून पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा गोंड मुलगा सापडला आणि पुढं त्याच्या हातानं एक अख्खी चित्रशैली उभी राहिली. आदिवासींची कला आणि शहरातली आधुनिक कला रूपंकरमध्ये शेजारी शेजारी मांडली, एकीला वर आणि दुसरीला खाली न बसवता. छताखाली काय राहणार याचा विचार करणारा माणूस सुरुवातीपासून कामाशी बांधलेला होता. आमच्याकडे मेळघाटातल्या कोरकूंच्या लाकडी स्मृतिफळ्या आहेत, सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरलेल्या. गाडेंच्या निसर्गचित्रांशेजारी त्या उभ्या राहिल्या तर काय दिसेल, याची कल्पना मी कितीदा केली आहे.

मुंबईत मंत्रालयापासून जवळच आपल्याला एक तिसरं उदाहरण पाहता येईल. जॉर्ज विटेट यांनी बांधलेला १९११ सालचा कावसजी जहांगीर हॉल. एकेकाळी तिथं संगीताच्या मैफली आणि सभा व्हायच्या. वास्तुकार रोमी खोसला यांनी त्याच्या जुन्या कवचात अर्धगोल सज्जे एकावर एक रचले, आणि १९९६ साली तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. जिना चढता चढता चित्रं भेटत जातात आणि शेवटी माणूस घुमटाखाली पोचतो. बाहेरून दगड जुनाच. मला वाटतं, नवी इमारत बांधायला पैसा नसेल तर मोर्शीच्या भागातल्या एखाद्या जुन्या जिनिंगच्या छपराखालीही हे करता येईल. छप्पर जुनं चालेल, विचार मात्र ताजा हवा.

आता दरसूचीचं बोलतो, कारण आपल्या खात्यात शेवटी सगळं तिथं येऊन थांबतं. वीटकामाचा दर असतो, काँक्रीटचा असतो, गिलाव्याचा असतो. हाताला सुचत सुचत वळलेल्या घुमटाचा दर कुठल्या पानावर शोधायचा? तो पानावर नाही म्हणून अभियंता तो आकारच काढून टाकतो, वास्तुकार दोन बैठकांनंतर दमतो, आणि तिसऱ्या बैठकीत पुन्हा तोच चौकोन, तीच स्लायडिंगची खिडकी. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. मोजमापाच्या वहीत बसेल तेवढंच बांधायची सवय झालेली असते.

आणि गंमत अशी की अवघड वाटणारं हे काम आमच्या मिस्त्र्यांना येतं. वऱ्हाडातल्या गावोगावच्या देवळांची शिखरं जवळ जाऊन पाहा. सळ्यांचा सांगाडा, त्याला जाळी बांधलेली, आणि वर हातानं चढवलेला माल. फेरोसिमेंट हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, काम ठाऊक आहे. आमच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा मिस्त्री एकदा शिखराच्या पाडावर बसून मला म्हणाला होता, “कागदावर बाक काढनं सोपं हाय मास्तर, हाताले तो वजनानं समजते.” दोशींनी अहमदाबादेत जे केलं त्याचं एवढं नेमकं वर्णन मला पुस्तकातही सापडलं नाही. गच्ची गळू नये म्हणून फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवणंही त्याला येतं. त्याच्याकडे कुणी चांगली रेघ घेऊन गेलेलं नाही, एवढंच कमी पडलं.

म्हणून मागणी नीट मांडतो. या कलागृहाचा वास्तुकार सर्वात कमी फीच्या निविदेनं निवडू नका. खुली संकल्पना-स्पर्धा घ्या आणि परीक्षकांत वास्तुकारांबरोबर चित्रकार, शिल्पकार आणि एक अनुभवी मिस्त्री बसवा. निवडलेल्या माणसाला निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा इथं काढू द्या. ४५ अंशांत भिंत कुठून तापते आणि मृगाच्या सरी कुठल्या बाजूनं झोडपतात, ते मुंबईच्या टेबलावर समजत नाही. आधी अंगणात एक लहानसा घुमट बांधून पाहू द्या. चुकला तर पाडू द्या, आणि तो पाडण्याचा खर्च इस्टिमेटमध्ये आधीच धरा. संग्रहाची जबाबदारी घेणारा माणूस पाया खणण्याआधी नेमा. शैलाश्रय शेजारच्या राज्यात आहेत, तेव्हा त्या चित्रांची छायाचित्रं आणि हुबेहूब नकला करण्यासाठी मध्य प्रदेश शासनाशी बोलणी आपल्यालाच करावी लागतील. ते काम मोर्शीतून होणार नाही. मूळ चित्रांपर्यंत गर्दी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाच्या घामेजल्या तळहातानं गेरू पुसला जातो. गर्दीला पाहायला खाली पायथ्याशी घर हवं, त्यासाठीच हा खटाटोप.

वेळ लागेल. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं काम फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे १९४३ साली आलं आणि इमारत उघडली १९५९ च्या ऑक्टोबरात. राइट त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. भिंतींना बाक आहे, इथं चित्रं टांगायची कशी, अशी तक्रार तेव्हाच्या चित्रकारांनी केली होती. आज त्याच चढत्या, गोल फिरणाऱ्या वाटेनं चित्रं पाहायला जगभरातून माणसं जातात. आम्हाला सोळा वर्षं नकोत. पण पुढच्या मार्चअखेरीस निधी खर्ची पडावा म्हणून घाईघाईनं ओतलेला स्लॅबही नको.

लहान गावाला एवढं कशाला, असं कुणी आपल्याला सांगेल. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला राज्यानं मराठी भाषा विद्यापीठ दिलं. ज्या गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, त्या गावाची लोकसंख्या विचारत न बसता शासनानं तो निर्णय घेतला. भाषेला ज्या न्यायानं घर मिळालं, तोच न्याय रंगाला लावा, एवढंच मागतोय.

आपण एकदा या. महाशिवरात्रीच्या गर्दीत नको, त्याच्या पंधरा दिवस आधी, आंबिया बहाराच्या फुलांचा वास वावरांतून येत असतो तेव्हा. ज्यांच्या मतावर आपला विश्वास आहे असा एखादा वास्तुकार सोबत आणा, आणि बांधकाम विभागाचा अभियंताही. सकाळी सालबर्डीच्या भुयारात उतरू. परतताना मी सांगितलेलं शिखर दाखवतो. तो म्हातारा मिस्त्री आता पाडावर चढत नाही, पण त्याचा नातू चढतो आणि आजोबा खाली उभा राहून त्याला बाक सांगतो. दुपारी माझ्या घरी जेवण करा. माझ्या विद्यार्थ्यांनी मागच्या बारा-पंधरा वर्षांत काढलेली चित्रं लोखंडी पेटीत ठेवली आहेत, साधारण चारशे. ती अंगणात मांडून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
मोर्शी, जि. अमरावती